पहिले पिस्तूल घेण्यापूर्वी

आमच्या रांजणगावात महागणपतीच्या दर्शनाला येणारा भाविक पुणे–अहिल्यानगर रस्त्यावरून उतरतो तेव्हा एका बाजूला देवळाचे शिखर आणि दुसऱ्या बाजूला औद्योगिक वसाहतीच्या चिमण्या अशी दोन युगे त्याला एकाच दृष्टिक्षेपात दिसतात. या दोन युगांच्या सांध्यावर वाढलेला माझा एक जुना विद्यार्थी परवा घरी आला. त्याच्या वडिलांची कोरडवाहू जमीन वसाहतीसाठी गेली. मुलगा अर्थशास्त्र घेऊन बी. ए. झाला आणि आज कारखान्यांना मजूर व वाहने पुरविण्याचे काम करतो. चहा झाल्यावर त्याने खिशातून एक घडी केलेला कागद काढला व म्हणाला, "सर, शस्त्रपरवान्याचा अर्ज करतोय. मंजूर झाला तर पहिलं हत्यार कोणतं घ्यावं? रिव्हॉल्व्हर की पिस्तूल? तुम्ही एन. सी. सी.त होता, म्हणून विचारतो."

महाविद्यालयीन जीवनात पॉइंट टू टू रायफलीच्या काही गोळ्या झाडणे, एवढीच प्रस्तुत लेखकाची शस्त्रविद्या. परंतु प्रश्न निवडीचा होता, आणि निवड हा तर अर्थशास्त्राचा प्राणच. शिवाय हा प्रश्न त्या एकट्या तरुणाचा नाही. जमिनीचा पैसा, ठेकेदारी आणि गावचे राजकारण ही तीन पाणी जिथे एकत्र येतात तिथे कमरेला शस्त्र असावे ही इच्छा आपोआप उगवते. म्हणून त्याला दिलेले उत्तर सविस्तर मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. १८५७ च्या उठावाचा धसका घेतलेल्या इंग्रज सरकारने १८७८ साली शस्त्रकायदा करून हिंदी माणसाला निःशस्त्र केले. त्या अपमानाची सल राष्ट्रीय चळवळीच्या मनात इतकी खोल होती की, १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याच्या हक्काचाही समावेश होता. मात्र स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने हा हक्क मूलभूत हक्कांत घातला नाही. १९५९ चा शस्त्र अधिनियम परवाना ही सवलत मानतो. अर्जदाराचे वय २१ वर्षे पूर्ण असावे, पोलिसांचा अहवाल मागवावा आणि पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर यांसाठी सबळ कारण असल्याची परवाना-अधिकाऱ्याची खात्री पटावी, अशी त्याची रचना आहे. २०१६ च्या नियमांनी त्यात सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाची व वैद्यकीय दाखल्याची भर घातली. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीजवळच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे केली आणि लग्नात-मिरवणुकीत हवेत गोळ्या झाडून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. तेव्हा ज्याला परवाना हे मानपत्र वाटते त्याने ध्यानात ठेवावे की, ते खरे पाहता एक करारपत्र आहे, आणि त्यातील बहुतेक कलमे घेणाऱ्याच्या कर्तव्यांची आहेत.

आता बाजाराकडे वळू. ९ मिलिमीटर वा .३८ व्यासाची शस्त्रे सामान्य नागरिकासाठी निषिद्ध आहेत. त्याच्या वाट्याला मुख्यतः.३२ व .२२ एवढेच येते. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खासगी व्यक्तींना परदेशी शस्त्रे आयात करण्यास जवळजवळ बंदी आहे. परिणामी पुष्कळ वर्षे सरकारी आयुध निर्माणी हीच या मालाची प्रमुख उत्पादक राहिली. कानपूरच्या कारखान्याने २०१४ साली 'निर्भीक' नावाचे सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे हलके रिव्हॉल्व्हर खास स्त्रियांसाठी म्हणून बाजारात आणले, तेव्हाच त्याची किंमत १ लाख २२ हजार रुपयांच्या घरात होती. दुसऱ्या बाजूस, आयातबंदीपूर्वी देशात आलेली जुनी विलायती पिस्तुले हातोहात फिरत कित्येक लाखांना विकली जातात. पुरवठा गोठलेला असला की वस्तूच्या किमतीतून तिचे गुण कळत नाहीत, केवळ तिची दुर्मिळता कळते. पन्नास वर्षांचे जुने यंत्र नव्यापेक्षा महाग मिळते म्हणून ते अधिक विश्वासार्ह आहे असे समजणारा नवखा ग्राहक पहिल्याच पायरीवर फसतो.

सरकारने या वस्तूला कोणत्या पंगतीत बसविले आहे तेही पाहण्यासारखे आहे. वस्तू व सेवा कराची फेररचना २२ सप्टेंबर २०२५ पासून झाली, तीत रिव्हॉल्व्हर व पिस्तूल यांवरील कर २८ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेला. क्रीडानौका आणि खासगी वापराची विमाने याच वर्गात आहेत. म्हणजे गृहखाते ज्या वस्तूसाठी अर्जदाराकडे 'जिवाच्या भीती'चे कारण मागते, त्याच वस्तूला अर्थखाते चैनीची वस्तू ठरविते. या दोन खात्यांपैकी वस्तुस्थिती कोणास अधिक कळली आहे, याचा निर्णय वाचकांनीच करावा.

तरीही माझ्या विद्यार्थ्याच्या मूळ प्रश्नाला बगल देणे योग्य नव्हे. रिव्हॉल्व्हरची रचना साधी असते. फिरत्या चक्रातील कप्प्यांत काडतुसे असतात. चक्र बाहेर काढले की शस्त्र भरलेले आहे की रिकामे ते डोळ्यांना दिसते. त्याचा चाप सहसा जड असतो. त्यामुळे नेम धरणे कठीण जाते, पण चुकून गोळी सुटण्याची शक्यताही काहीशी कमी होते. पिस्तुलात काडतुसे मुठीतल्या पेटीत असतात. ते चपटे असल्याने बाळगायला सोपे आणि भरायला झटपट. परंतु पेटी बाहेर काढली तरी एक काडतूस नळीच्या मागील घरात शिल्लक राहू शकते. "पेटी काढली, म्हणजे पिस्तूल रिकामे झाले" या एका गैरसमजापायी जगभर नवशिक्यांच्या हातून माणसे मेली आहेत. तेव्हा केवळ यंत्र म्हणून तुलना करायची तर नवख्याला रिव्हॉल्व्हर बरे. मात्र ते फार हलके घेऊ नये. हलक्या शस्त्राचा झटका हाताला अधिक बसतो आणि सराव टाळण्याकडे मन झुकते. जुने घ्यायचे तर जाणत्या कारागिराकडून तपासून घ्यावे, कारण जमिनीवर पडले असता चाप न ओढताही गोळी सुटू नये यासाठीची आतील व्यवस्था सर्वच जुन्या रिव्हॉल्व्हरांत नसते.

पण साधे यंत्रही बिनधोक नसते. १ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबईत चित्रपट-अभिनेते गोविंदा यांच्या स्वतःच्याच परवानाधारी रिव्हॉल्व्हरमधून सुटलेली गोळी त्यांच्या पायात घुसली. कोणी शत्रू नव्हता, झटापट नव्हती. पहाटे प्रवासाला निघताना शस्त्र कपाटात ठेवीत असता ते हातातून निसटले, असे त्या वेळी सांगण्यात आले. सुदैवाने जखम पायावर निभावली. ज्या शस्त्रापासून संरक्षण हवे असते ते पुष्कळदा आपल्याच कपाटात असते, हा या प्रसंगाचा बोध आहे. शस्त्र नेहमी भरलेलेच आहे असे समजावे. ज्यावर गोळी झाडायची नाही त्याच्याकडे नळी वळवू नये. नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवावे. आणि लक्ष्याच्या पलीकडे काय आहे ते जाणावे. हे चार नियम पाठ करायला पाच मिनिटे पुरतात, अंगवळणी पडायला वर्षे लागतात. प्रशिक्षणाचा दाखला हा जर अर्जाला जोडण्याचा आणखी एक कागद एवढाच उरला, तर २०१६ च्या नियमांचा हेतूच फसला असे म्हणावे लागेल.

आता कारणांचा विचार करू. माझ्या विद्यार्थ्याने पहिले कारण सांगितले ते बिबट्याचे. आमच्या शिरूर तालुक्यात हे कारण कोणी हसण्यावारी नेऊ नये. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबर महिन्यांत पिंपरखेड-जांबूत परिसरात अवघ्या तीन आठवड्यांत तीन माणसे बिबट्याच्या हल्ल्यात दगावली. त्यांत दोन बालके होती. लोक महामार्गावर उतरले, आणि अखेर वनखात्याने पाचारण केलेल्या नेमबाजांनी नोव्हेंबरच्या प्रारंभी एका नरभक्षकाला ठार केले. उसाच्या फडाशेजारी राहणाऱ्या आईची भीती पुण्यात बसून समजत नाही. परंतु उसातून अवचित झेप घेणाऱ्या जनावरापुढे नवशिक्याच्या हातातील रिव्हॉल्व्हरचा कितीसा उपयोग? आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये बिबट्याला मारण्याची परवानगी देण्याचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकाचा आहे. बिबट्यावरचा इलाज पिंजरे, दिवसा मिळणारी वीज, वस्तीवरचा उजेड, बंदिस्त गोठा आणि मुलांची शाळेपर्यंतची सोबत यांत आहे. लाख-दीड लाख रुपयांत एका मळ्याला कुंपण आणि दिवे होतात. ज्या पैशातून एक वस्तू घेतली त्याच पैशातून जी दुसरी घेता आली असती ती गमावणे, हीच पहिलीची खरी किंमत, हे आम्ही वर्गात पहिल्याच महिन्यात शिकवितो.

दुसरे कारण धंद्याचे. मजुरांचा पगार रोखीने न्यावा लागे त्या काळी त्यात तथ्य होते. आज पगार बँकेच्या खात्यात जातो. उरतो तो ठेक्यावरून होणारा वाद. आणि त्या वादात शस्त्र उतरले की पोलीस, न्यायालय व लवाद या सर्व वाटा बंद होऊन एकच वाट उरते. समजा, गावात दोन ठेकेदार आहेत आणि दोघेही निःशस्त्र आहेत. एकाने पिस्तूल घेतले की दुसऱ्याला असुरक्षित वाटते, तोही घेतो. आता दोघांचे मिळून काही लाख रुपये खर्च झाले, आणि दोघेही पूर्वीपेक्षा अधिक असुरक्षित झाले. प्रत्येकाचा निर्णय त्याच्यापुरता शहाणपणाचा, पण दोघांची बेरीज मूर्खपणाची! मोठी राष्ट्रे अण्वस्त्रांच्या बाबतीत ज्या सापळ्यात सापडली, तोच सापळा कारेगाव-रांजणगावच्या चहाच्या टपरीवर लहान आकारात मांडलेला असतो.

तिसरे कारण त्याने सांगितले नाही; ते मलाच सांगावे लागले. ते प्रतिष्ठेचे. थॉर्स्टीन वेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली दिखाऊ उपभोगाची जी कल्पना मांडली, तिच्यासाठी याहून चांगले उदाहरण आमच्या पाठ्यपुस्तकातही नाही. वस्तू वापरण्यासाठी नव्हे तर ती आपल्याजवळ आहे हे दिसावे म्हणून घेतली जाते; शर्टाचा कोपरा किंचित वर राहील अशा बेताने खुर्चीवर बसले जाते. वास्तविक २०१६ च्या नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल म्यानातच असावे लागते आणि ते परजून दाखविण्यास मनाई आहे. परंतु ज्याचे प्रयोजनच दाखविणे आहे, त्याला हा नियम कसा मानवावा? बीड जिल्ह्यात मस्साजोगच्या सरपंचांची डिसेंबर २०२४ मध्ये निर्घृण हत्या झाली. त्यानंतर त्या एका जिल्ह्यात बाराशेंहून अधिक शस्त्रपरवाने असल्याचे लोकांपुढे आले, आणि प्रशासनाने परवान्यांची छाननी करून कित्येक रद्द केले. ती हत्या परवान्याच्या शस्त्राने झाली नव्हती. परंतु परवान्यांची खिरापत वाटली जाते तिथे कायद्यापेक्षा कमरेचा धाक मोठा होतो आणि सामान्य माणूस तोंड मिटून बसायला शिकतो, हे त्या जिल्ह्याने महाराष्ट्राला दाखविले.

याच्या उलट बाजूचा युक्तिवादही प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. गुंड काही परवाना मागायला जात नाही. मध्य प्रदेशातील बडवानी जिल्ह्यातल्या उमरटी गावातून गावठी पिस्तुले महाराष्ट्रात येतात हे जुनेच दुखणे. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलिसांनी तिथवर जाऊन कारवाई केली. मग सज्जनांनीच निःशस्त्र का राहावे? हा प्रश्न खोटा नाही. दूरच्या मळ्यावर एकटी वस्ती करणारे कुटुंब, धमक्या आलेला साक्षीदार, दरोड्याचा अनुभव घेतलेला सराफ यांचा अर्ज लाल फितीत वर्षानुवर्षे अडकावा आणि वजनदार माणसाचा पंधरवड्यात मंजूर व्हावा, हा अन्याय आहे. कायद्याने परवान्याची वाट ठेवली आहे ती अशांसाठीच. परंतु ज्याला गरज आहे त्याला शस्त्र द्यावे यावरून ज्याला ऐपत आहे त्यालाही द्यावे, असे निष्पन्न होत नाही. गावठी कट्ट्यांवरचा उपाय उमरटीच्या भट्ट्या विझविणे व तिथल्या कारागिरांना दुसरा रोजगार देणे हा आहे. प्रत्येक ठेकेदाराच्या कमरेला कारखान्यात बनलेला कट्टा लटकविणे हा नव्हे.

आणखी एक गोष्ट घराच्या आतली आहे, आणि तिच्याविषयी आपण फारसे बोलत नाही. अमेरिकेत बंदुकीने जे मृत्यू होतात त्यांतील निम्म्याहून अधिक खुनाचे नसून आत्महत्येचे असतात. नैराश्याचा झटका पुष्कळदा काही तासांचा असतो; तेवढा काळ निभावला, कोणी जवळ बसले, की माणूस परत जगण्याकडे वळतो. हाताशी भरलेले शस्त्र असेल तर ते काही तास मिळत नाहीत. ज्या महाराष्ट्राने कर्जापायी आणि नापिकीपायी इतकी घरे उजाड झालेली पाहिली, ज्या घरांत परीक्षेच्या निकालाने खचलेली मुले आहेत, त्या घरांत शस्त्र आणताना कर्त्या पुरुषाने स्वतःच्या संयमाचा तर हिशेब करावाच, पण घरातील प्रत्येकाच्या मनाचाही करावा. आणि शस्त्र असलेच तर ते रिकामे, कुलपात, काडतुसे वेगळ्या कुलपात आणि किल्ली एकाच जबाबदार माणसाजवळ, याला तडजोड नाही.

मग तरुणाच्या मनातले शस्त्राचे आकर्षण केवळ निंदनीयच समजायचे काय? तसे मला वाटत नाही. स्थिर हात, रोखलेला श्वास आणि दूरच्या बिंदूवर एकवटलेले मन यांत एक विद्या आहे, आणि महाराष्ट्राने ती उत्तम साधली आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिक येथे जगज्जेत्या झाल्या. कोल्हापूरच्याच राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदकाचा मानकरी ठरला. त्याने शेतकरी-शिक्षकाच्या घरातून येऊन, रेल्वेत तिकीट-तपासनिसाची नोकरी करीत हे यश मिळविले. नवशिक्याने पहिले पिस्तूल कोणते घ्यावे, या प्रश्नाचे माझे उत्तर म्हणूनच असे आहे : हवेच्या दाबावर चालणारे, दहा मीटरवर नेम धरण्याचे. ठरावीक मर्यादेतल्या अशा पिस्तुलाला परवानाही लागत नाही. बालेवाडीच्या क्रीडासंकुलात किंवा एखाद्या चांगल्या क्लबात जाणत्या प्रशिक्षकाच्या नजरेखाली वर्षभर ते हाताळावे. वर्षानंतर एक तर शिस्त अंगी बाणेल, किंवा हौस फिटेल. दोन्हींत फायदाच आहे.

शासनाकडून अपेक्षा चार. परवान्यासाठीचे प्रशिक्षण कागदावर न राहता प्रत्यक्ष चाचणीने पारखले जावे. प्रत्येक जिल्ह्यात किती अर्ज आले, किती मंजूर झाले व कोणत्या प्रकारच्या कारणासाठी, ही आकडेवारी नावे न देता दरवर्षी प्रसिद्ध व्हावी. नूतनीकरणाच्या वेळी भीतीचे मूळ कारण अजून शिल्लक आहे काय, हे नव्याने तपासले जावे. आणि तालुक्याच्या ठिकाणी नेमबाजीचे एक तरी साधे मैदान असावे. कारखान्यांच्या सामाजिक दायित्वाच्या निधीतून आमच्या वसाहतीलाही ते सहज परवडेल.

रांजणगावची कथा सर्वांना ठाऊक आहे. त्रिपुरासुराला वर मिळाला. सोन्याची, रुप्याची आणि लोखंडाची अशी तीन नगरे मिळाली. आणि त्या वराच्या मदाने तो तिन्ही लोकांना पीडा देऊ लागला. त्याचा नाश करण्यास निघालेल्या शंकराला देखील आधी गणेशाचे स्तवन करावे लागले, म्हणजे शस्त्र उचलण्यापूर्वी बुद्धीच्या देवतेपुढे नमावे लागले, आणि मग त्याने एकच बाण सोडला. जमिनीचे सोने, ठेक्याचे रुपे आणि आता कमरेचे लोखंड अशी तीन नगरे आमच्याही दारात उभी राहत आहेत. देवळाच्या सावलीत राहणाऱ्यांनी त्या कथेतला कोणता भाग आपला म्हणायचा, ते ठरवायची वेळ आली आहे.

माझा विद्यार्थी अर्जाची घडी पुन्हा खिशात घालून उठला. "बघतो, सर," एवढेच म्हणाला. तो अर्ज त्याने दिला की नाही, ते मी विचारलेले नाही. पण उंबऱ्यावर थांबून त्याने बालेवाडीला जायला कोणती बस सोयीची, एवढे मात्र विचारून घेतले.